पंखा बंद करून बांधलेली माशी

माश्या बांधणाऱ्यांच्या डबीत माश्या थोड्या आणि किस्से फार जमतात! माशी म्हणजे खरी नव्हे हो. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी, माशाला फसवायला. नांदेडात हे खूळ आणलं आमच्या कुलकर्णी सरांनी. सर ज्या व्हिडिओवरून शिकले त्यात परदेशातला ट्राऊट मासा असतो, आमच्या गोदावरीत मरळ. तरी सर, बिलोलीचे पाटील आणि मी दर रविवारी काठावर हजर! सरांची माशी पाण्यात पडली की उसवते. एक तरी शाबूत राहावी, एवढीच त्या माणसाची इच्छा.

*

व्हिडिओवाला म्हणाला, कोंबड्याच्या मानेची पिसं हवीत. पाटलांनी गावाकडून जिवंत कोंबडाच आणला.

"मला काय कळतंय कोणतं पीस लागतं? तुमचं तुम्ही निवडून घ्या!"

सरांचं घर शुद्ध शाकाहारी. वहिनी आधी भडकल्या, मग आठवडाभरात त्याचं नाव राजा ठेवलं आणि सरांना ताकीद दिली, "गळून पडंल तेवढंच उचलायचं!"

आता सर रोज सकाळी चहाचा कप घेऊन राजाच्या मागे फिरतात.

*

चमकीसाठी सरांनी हातातली राखी उसवून माशीला बांधली. नेमकी त्याच रविवारी देगलूरची बहीण आली.

"दादा, राखी कुठाय?"

सर खोटं बोलत नाहीत, हीच तर अडचण. "नदीकाठच्या बाभळीला अडकलीय."

*

शेवटची गाठ श्वास रोखून मारावी लागते. मे महिन्यात सर पंखा बंद करून बसले. चष्म्यावर घाम, बोटात दोरा, गाठ बसतच आली होती. तेवढ्यात वहिनींनी येऊन पंखा पाचवर केला. पिसं माळ्यावर, दोरा मिशीत!

"अगं, काय केलंस हे!"

"उन्हाळ्यात पंखा बंद करून बसलेला माणूस दिसला. मला वाटलं, चक्कर आली!"

*

आणि परवा सरांच्या माशीला चक्क मरळ लागली! हाताएवढी. पाटलांनी तिथूनच घरी फोन लावला, "मसाला वाटायला घ्या!"

मरळ काठाला आली. तिच्या दातांत माशी, एक पीस लोंबत होतं. सर गुडघाभर चिखलात बसले. हळूच जबडा उघडून त्यांनी गळ सोडवला. मरळीनं शेपटीचा फटकारा दिला आणि गेली!

"सर! मासा गेला की हो!" पाटील अक्षरशः रडकुंडीला आले.

सरांनी माशी उजेडात धरून उलटीपालटी करून पाहिली.

"जाऊ द्या हो. मासे गोदावरीत लई हायत. माझी न उसवलेली माशी ही एकच हाय!"