न दाखवलेली पायवाट

आमच्या लेआउटमधल्या ओपन स्पेसचं नूतनीकरण ठरलं, तेव्हा नकाशा मीच काढणार हे मी कुणी विचारायच्या आधीच धरून चाललो होतो. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून उभा जन्म घालवलेला माणूस कॉलनीत असताना दुसऱ्या कुणाला पेन्सिल लावू देतो की काय! माझ्या नकाशांचा मला भारी ताठा. अकोल्यातल्या पोरकट इंजिनिअरांना नावं ठेवण्यात माझी निवृत्ती मजेत चालली होती.

जागा म्हणाल तर साधीच. समोर रस्ता, फाटकाशी मारुतीचं छोटं देऊळ, मध्ये तीन कडुनिंब, आणि मागच्या पडक्या भिंतीतल्या खिंडारापासून थेट समोरच्या फाटकापर्यंत तिरपी गेलेली पायवाट. ती वाट मागच्या वस्तीची. तिथे बहुतेक बौद्ध कुटुंबं. कुणी शिक्षक, कुणी सरकारी नोकर, कुणी रोजंदारीवर. सकाळ-संध्याकाळ पावलं पडून त्या पट्ट्यात गवत उगवायचंच बंद झालं होतं.

माझा मित्रही त्याच वस्तीत राहायचा. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं अमरावतीला अपडाऊन केलं. ऑफिसात मी पेन्सिलने नकाशा काढायचो आणि तो ट्रेसर, म्हणजे त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने गिरवायचा. डबा एकत्र, गाडीतलं बाक एक. मागल्या वर्षी त्याच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना आमच्या समोरच्या रस्त्यावर. रोज सकाळी एका हातात काठी, दुसरा हात नवऱ्याच्या हातात, अशी ती त्या तिरप्या वाटेने यायची. मधल्या कडुनिंबाखाली टेकायची. मी फिरायला निघालेला असायचो, म्हणजे रोज बघायचो.

कॉलनीच्या कमिटीची बैठक देवळाच्या ओट्यावर भरली. एकजण म्हणाला, वॉकिंग ट्रॅक झाला की मधून लोक आडवे जाता कामा नयेत. दुसरा म्हणाला, मोटरसायकली घुसतात. तिसरा नुसतं ‘ती ये-जा’ एवढंच म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. जातीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती, आणि मलाही सगळं बरोब्बर समजलं. महापालिकेतून आलेल्या ओव्हरसिअरने सांगितलं की जुनी वहिवाट असेल तर ती सोडावी लागते. मात्र जागा आज आहे तशी दाखवणाऱ्या नकाशात ती असली पाहिजे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“तो नकाशा मीच काढून राहिलो,” मी म्हणालो. सगळे हसले, कुणीतरी चहा सांगितला. मला त्या हसण्याने गुदगुल्या झाल्या, हे आज लिहिताना कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. कडुनिंबांचे बुंधे मोजले, सिमेंटची बाकडी मोजली, देवळाची पायरीसुद्धा मोजली. टेप ओढताना तीनदा ती वाट ओलांडली. घरी येऊन सगळं कागदावर उतरवलं आणि पायवाटेच्या दोन तुटक रेषा तेवढ्या काढल्या नाहीत. खिंडाराच्या जागी सुवाच्य अक्षरात ‘संरक्षक भिंत’ लिहिलं. मित्राची बायको, आमच्या वहिनी, आता कुठून येणार, हा विचार मनात आला नाही असं म्हणायची सोय नाही. आला होता. मी पेन्सिलीला टोक करत बसलो आणि तो जाऊ दिला.

बाग फार सुंदर झाली. कडेने ट्रॅक, त्यावर फिरण्याच्या दिशेचे बाण, पोरांचा कोपरा वेगळा, म्हाताऱ्यांची बसायची जागा सावलीत. कुठून शिरायचं, कुठे वळायचं, सगळं आखून दिलेलं. अमरावतीहून व्याही आले तेव्हा त्यांना दोन चकरा मारून दाखवली. मागची भिंत पक्की झाली होती. वस्तीतल्यांना आता नाल्याकडून वळसा घालून ट्रकच्या रस्त्याने यावं लागायचं. वहिनींना ते जमण्यासारखं नव्हतं. थोडे दिवस त्या ऑटोने आल्या, मग दिसेनाशा झाल्या. मी मित्राकडे चौकशी केली नाही. काय तोंडाने करणार होतो?

वस्तीने महापालिकेत अर्ज दिला. तिथले साहेब जागेवर आले, बाकड्यावर माझा नकाशा पसरला. कमिटीतर्फे मी उभा, वस्तीतर्फे चारपाच जण, त्यांत मित्र. सही वाचायची त्याला गरज पडली नाही. माझ्या रेषा त्याने आयुष्यभर गिरवल्या होत्या.

“हे तुयंच काम हाय ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“मंग वाट कुठं हाय?”

“राहून गेली,” मी म्हणालो.

नांदगाव खंडेश्वरच्या मोजणीत एक शेतवाट मोजायची राहिली म्हणून मी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी भर उन्हात परत नेलं होतं, तेव्हा टेपचं दुसरं टोक यानेच धरलं होतं. माझ्या हातून वाट राहून जात नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम लपवली का, असं सरळच विचारलं. मी नकाशाची गुंडाळत आलेली कड सपाट करत राहिलो. मित्रच पुढे झाला.

“नाई साहेब. वय झालं आता, नजर चुकली असंल. माणूस तसा नाई.”

आणि मी मान डोलावली.

नकाशा दुरुस्त करून द्यायचा हुकूम झाला. मागच्या भिंतीला फाटक ठेवायचं, मोटरसायकल शिरणार नाही असं अरुंद. मी नवा कागद करून दिला. कमिटीला सांगितलं, साहेब ऐकेचना, मी काय करू. वस्तीत मात्र बोलबाला झाला की मी स्वतः चूक सुधारून फाटक मिळवून दिलं. दोन्हीकडून माझंच भलं झालं.

फाटक लागेपर्यंत पाच महिने गेले. तेवढ्या काळात वहिनींचा पाय आखडला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी ट्रॅकवर होतो. आधी एका दमात झाडापर्यंत यायच्या, आता मागच्या फाटकापासून तिथपर्यंत तीनदा थांबल्या. बाकड्यावर बसल्या, घाम पुसला आणि मला हाक मारली.

“भाऊजी, तुमी नकाशा नीट करून देला म्हणून मी आज इथवर आली. यायनं सांगतलं मले.”

मित्र बाजूला काठी धरून उभा होता. तो माझ्याकडेच बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता, तो वाट बघत होता. साहेबापुढे त्याने मला झाकलं होतं. बायकोपुढे मी स्वतःहून बोलेन एवढीच त्याची अपेक्षा असावी. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता.

“त्यात काय वहिनी,” मी म्हणालो, “आपलं कामच हाय ते.”

मित्राने नजर काढून घेतली. बायकोच्या हातात काठी दिली, तिला उठवलं, आणि दोघं दवाखान्याकडे निघाले.