गाडी नेसवणारे काका

गाडी चालवणारी माणसं जगात खंडीभर सापडतील, पण गाडीला नेसवणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात एकच होता आणि नेमकी मी त्याचीच भाडेकरू झाले. रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात बदली होऊन मी साताऱ्याहून काशीला आले, तेव्हा संकठा घाटाच्या मागच्या गल्लीत एका मराठी घरात वरची खोली मिळाली. घरमालक गणिताचे निवृत्त शिक्षक. गल्ली त्यांना मास्टरसाहेब म्हणायची, मी काका म्हणू लागले. पाच पिढ्या काशीत काढूनही त्या घरानं मराठी टिकवली होती, फक्त तिला इथलं पाणी लागलं होतं. "बेटा, चहा पिऊन जा, जल्दी काय आहे?" असं काका म्हणाले की सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे मीच साताऱ्याला फोनवर "बिलकुल नाही" वगैरे म्हणू लागले, तेव्हा हसणं बंद झालं.

आमच्या गल्लीची रुंदी अशी, की समोरून सांड आला तर माणसानं मुकाट्यानं कुणाच्या तरी ओट्यावर चढावं. तिथे मोटार कुठून येणार? म्हणून काकांची छोटी पांढरी गाडी राहायची मैदागिनला, मोठ्या रस्त्याच्या कडेला, एका बंद पडलेल्या दुकानाच्या गाळ्यात. गाळ्याला शटर, शटरला दोन कुलपं, आत गाडी, गाडीवर कव्हर आणि त्या कव्हरला आतून मऊ अस्तर. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली ही गाडी दोन वर्षांत दोनदाच हलली होती. एकदा शोरूममधून गाळ्यात आली तेव्हा आणि एकदा सर्व्हिसिंगला. बाकी काका रोज सकाळी गंगास्नान आटोपून तिच्याकडे जात, पण ते तिला बघायला. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, गाडी बंद गाळ्यात आहे, मग वर एवढे कपडे कशाला?" त्यांनी माझ्याकडे, नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, "बेटा, बनारसची धूळ बाहेरून येत नाही. ती इथलीच राहणारी. किरायेदार आपण आहोत."

या कव्हरशास्त्रात काकांचा अधिकार मोठा होता. प्लास्टिकचं नाव काढलं की ते कानांवर हात ठेवत. प्लास्टिकखाली ओल कोंडते, गाडीला घाम येतो आणि रंगाला फोड येतात, असं ते घाटावर भेटेल त्याला सांगत, मग त्याच्याकडे गाडी असो की नसो. बाजारचं कापड खरखरीत म्हणून आतलं अस्तर त्यांनी स्वतःच्या जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या धोतरांचं करवलं. त्यासाठी चौकातल्या शिंप्याला टेप घेऊन गाळ्यात नेलं. बिचाऱ्यानं चारी बाजूंनी मापं घेतली, आरशांसाठी दोन कानटोप्या बेतल्या आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "सिल तो देंगे मास्टर साहब, बाकी ट्रायल के लिए इनको दुकान पर कैसे लाएँगे?" घरच्या बाळकृष्णाला थंडीत लोकरीची टोपी चढली, की दुसऱ्या दिवशी गाडीवर फ्लॅनेल चढायचं. कव्हर काढताना त्याची धुळीची बाजू धुळीच्या बाजूवरच दुमडली पाहिजे, ती रंगाला लागता कामा नये. त्यासाठी दोन माणसं लागत आणि दुसरं माणूस बहुतेक वेळा मी असे. "मागे सर, अजून मागे, आता पुढे ये," असं काका सांगत आणि मी ऑफिसची पर्स खांद्याला अडकवून त्या गाळ्यात कवायत करत असे. मला उशीर व्हायचा, राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायची.

या सगळ्यात गाडीत बसायचं मात्र काकूंचं राहून गेलं होतं. काकूंचे गुडघे दिवसेंदिवस आखडत चालले होते. घाटाच्या पायऱ्या सुटल्या, मग देवीचं दर्शन सुटलं, मग ओट्यावर येऊन बसणंही कमी झालं. त्यांची मागणी एवढीशी होती. "अहो, एकदा मला गाडीतून सारनाथला न्या. झाडाखाली बसून दशम्या खाऊ. पाय चालताहेत तोवर न्या, मग गाळ्यापर्यंत तरी मी कशी येणार?" काकांची ना कधीच नसायची. त्यांचा होकार फक्त पुढे ढकललेला असायचा. जेठात लूचे गरम वारे, पावसाळ्यात चिखल, श्रावणात कावडवाल्यांची गर्दी, पुसाच्या थंडीत कोहरा म्हणजे धुकं. सारनाथला जायला मुहूर्त मिळणार नाही असं पंचांग त्यांनी स्वतःच तयार केलं होतं. शेवटी एक दिवस काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि त्यांना उठताच येईना. काकांनी हात देऊन त्यांना उठवलं. संध्याकाळी वर येऊन मला म्हणाले, "बेटा, येत्या इतवारच्या पुढच्या इतवारी जायचं. तू पण चल."

मग काय विचारता! कव्हर घरी आलं आणि गच्चीवर धुतलं गेलं. धोतराचं कापड धुतलं म्हणजे त्याला खळ द्यायची, हा त्या घराचा पिढीजात रिवाज. काकूंनी बसल्या बसल्या भाताची पेज गाळून दिली, काकांनी ती कव्हराला चोळली आणि दोन दिवस ऊन दाखवून ते कडक झालेलं कव्हर गाडीला नेसवलं. "मालकीणबाई बसायला येणार, तर कपडा नीट पाहिजे ना," असं म्हणताना ते चक्क लाजले.

ठरलेल्या रविवारी काकू वॉकर घेऊन निघाल्या. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. दर वळणावर कुणीतरी खुर्ची आणून द्यायचं, कुणी पाणी द्यायचं, कारण मास्टरसाहेबांची गाडी निघणार ही बातमी आधीच सगळीकडे गेली होती. गाळा उघडला तर नव्या खळीच्या कव्हराला खालच्या बाजूनं जागोजागी भोकं. काकांनी ते दुमडलं. काकू पुढच्या सीटवर बसल्या, दशम्यांचा डबा मांडीवर घेतला, पदर सावरला. काकांनी किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. शेजारच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे मास्टर साहब, आप तो चूहों को भंडारा करा दिए!" पेजेच्या वासानं मैदागिनचे समस्त उंदीर पंगतीला आले होते. खळ संपल्यावर त्यांनी तोंडी लावायला वायरी घेतल्या होत्या आणि धोतराच्या चिंध्यांचं छान घरटंही केलं होतं.

काकू आधी हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पेज तर मीच गाळून दिली होती!" काका हसले नाहीत. ते गाळ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. दशम्या आम्ही तिथेच खाल्ल्या. परतताना मात्र काकूंचं पाऊल उचलेना, गल्लीतल्या दोन मल्लाहांनी, नाव चालवणाऱ्यांनी, त्यांना खुर्चीत बसवून घरी आणलं. गुडघे सुजले ते उतरलेच नाहीत. महिन्याभरात पुण्याहून मुलगा आला आणि ऑपरेशनसाठी आईला विमानानं घेऊन गेला. जाताना त्यानं वडिलांना स्वच्छ सांगितलं, "बाबा, आई आता या गल्लीत परत यायची नाही. तुम्हीच तिकडे या."

काका मागे राहिले आणि एकदम म्हातारे दिसू लागले. वायरी दुरुस्त झाल्या, तरी ते गाळ्यात जाऊन नुसते बसायचे. मी म्हटलं, "काका, तुम्ही पुण्याला जा. मी तिकीट काढून देते, खालची बर्थ मिळवून देते." ते म्हणाले, "अन् तिला बसवू कशात?" मी म्हटलं, मुलाकडे गाडी आहे की. "ती त्याची. मी शब्द या गाडीचा दिलाय." आठवड्यानं त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला ड्रायव्हिंगसाठी सोबत घेतलं, देव माझ्याकडे सोपवले आणि काशीहून पुण्याला गाडीनं निघाले. मी कव्हर डिकीत ठेवायला गेले, तर त्यांनी हात धरला. "राहू दे बेटा. किती झाकणार आता?" मी वाकून नमस्कार केला.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. "अगं, गाडीची दशा बघशील तर! काचेवर किडे, चाकांना शेण, मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं नाव लिहिलंय. मुलगा म्हणाला, धुऊन आणतो, मग बसा. तर हे म्हणाले, आधी ती बसेल."

"मग कुठे गेलात काकू?"

"कुठे ते मला तरी कुठं ठाऊक! दोन तास नुसते फिरलो. ह्यांना पुण्याचे रस्ते माहीत नाहीत, आणि मी काही विचारलं नाही."

आता खालच्या दाराला कुलूप आहे. सकाळी मी देवांना आंघोळ घालते, दिवा लावते आणि ऑफिसला जाते. दिवसभर हिंदी बोलून घरी आलं की मराठी बोलायला कुणी नसतं, आणि मला त्या दोघांची फार आठवण येते. दर रविवारी मी फोन करते. कधी येताय, असं मात्र विचारत नाही. आज कुठे गेला होतात, एवढंच विचारते.