एका पायलीची पावती

मागायचं कसं, याचंही प्रशिक्षण असतं हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. बैठकीतल्या बाकीच्या जणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसू आलं नाही.

हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. मी एका लहानशा संस्थेत होते. संस्थेचं ऑफिस वारंगा फाट्यावर, टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. काम म्हणजे गावोगावची पाळणाघरं. बाया निंदायला, कापूस वेचायला गेल्या की त्यांची लेकरं आमच्याकडे. माझं गाव जवळा बाजारपासून तीन कोसांवर. तिथल्या पाळणाघरात बावीस लेकरं, एक खोली, दोन झोळ्या आणि दुपारी शिजवायला ज्वारीच्या कण्या, एवढा माझा संसार होता. खर्च बाहेरून यायचा. बाहेरून म्हणजे नेमका कुठून, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण वर्षातून एकदा एक गोरा माणूस येऊन लेकरांचे फोटो काढून जायचा, त्यावरून अंदाज होता.

एका मासिक बैठकीत सरांनी सांगितलं की ही मदत आता थांबते आहे. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. आवाज न चढवता माणसाला घाम फोडायचे. ते म्हणाले, "यापुढं गावानं द्यायचं. प्रत्येकीनं आपापल्या गावात दारोदार जायचं. महिन्याला बारा घरं, घरटी एक पायली ज्वारी. ज्या गावातून येणार नाही, तिथलं पाळणाघर बंद करावं लागेल. शिकवायला पुण्याहून मॅडम येणार आहेत."

दारोदार हा शब्द ऐकला आणि पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही.

त्याचं कारण माझे वडील. ते गवंडी होते, आणि आमच्या घरात एकच नियम होता. माझे आजोबा गावकीची पाळी करायचे. दिवसभर गावाची कामं आणि दिवस मावळला की काठी-घोंगडी घेऊन घरोघर भाकरीला. वडील सात-आठ वर्षांचे असताना झोळी धरून त्यांच्यामागे फिरले होते. दारातली बाई भाकर वरून टाकायची, ती झेलायची. नेम चुकला आणि खाली पडली तर झटकून घ्यायची. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला तसं हे सुटलं. तेव्हापासून या घरातला हात कुणाच्या दारात पुढं व्हायचा नाही, हा नियम. आई विरजण मागायलासुद्धा गल्लीच्या बाहेर गेली नाही. शाळेत मला ध्वजनिधीची तिकिटं खपवायला दिली, तेव्हा वडिलांनी अख्खी पट्टी स्वतःच्या मजुरीतून विकत घेतली. निधी जमवण्यात मी वर्गात पहिली आले.

ते मारत नसत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला लहानपणी पुष्कळदा वाटलं. ते बोलणं बंद करायचे. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी पोचायच्या आधी मी ताट पुढं केलं, तर चार दिवस त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. त्या चार दिवसांत घरात मी नव्हतेच. चोविसाव्या वर्षीही मला जगात दुसऱ्या कशाची एवढी भीती वाटत नव्हती.

पुण्याच्या मॅडम चांगल्या होत्या. साधी सुती साडी, खणखणीत आवाज, जेवताना आमच्यातच खाली बसायच्या. तीन दिवस त्यांनी आम्हाला मागणं शिकवलं. आधी कामाचं सांगायचं, मग आकडा सांगायचा. मान वर ठेवायची. मागून झालं की गप्प राहायचं, समोरच्याला विचार करू द्यायचा. देईल त्याला लगेच पावती. दात्याची पावती फाडून त्याच्या हातात, स्थळप्रत पुस्तकात. "आपण भीक मागत नाही, आपण संधी देतो," त्या म्हणाल्या आणि हे फळ्यावर लिहिलंही. मी ते वहीत उतरवून घेतलं. वडिलांना हे वाक्य म्हणून दाखवायची कल्पना केली आणि वही मिटली.

मग नाटक बसवलं. एकीनं दाता व्हायचं, दुसरीनं मागायचं. माझ्यासमोर दाता म्हणून आली तांड्यावरची माझी मैत्रीण, तीही एका पाळणाघराची ताई. तिनं खुर्चीवर मांडी ठोकली, ओढणीची पगडी केली आणि अडत्यासारखं दरडावलं, "काय पाहिजे? सकाळच्या पारी काहून आली?" सगळ्या हसल्या. मी कसंबसं म्हटलं, "एक पायली ज्वारी." पुढे शब्दच सुचेना. नजर तिच्या पगडीवर. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "बघा, मागितल्यावर कसं शांत राहायचं असतं ते. हिला जमलं." अशी मी प्रशिक्षणातही पहिली आले.

गावी आल्यावर पहिले दहा दिवस मी काही ना काही निमित्त काढत राहिले. कधी लेकरू आजारी, कधी पावतीपुस्तकावर शिक्का नाही. मग एका दुपारी, वडील औंढ्याला कामावर गेलेले पाहून, निघाले. वेशीजवळच्या माळवदाच्या घरी गेले. त्या घरच्या म्हातारीचा नातू माझ्याकडे पाळणाघरात होता, म्हणून तिथून सुरुवात. अंगणाच्या कडेला उभी राहिले. म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "काय माय?"

मला वाक्य पाठ होतं. पण त्याच ओट्याखाली, त्याच जागी माझे आजोबा उभे राहत असतील हे मनात आलं, आणि पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. खरंच वाटलं, वडील मागून बघताहेत. मी वळून पाहिलं. रस्त्यावर शेळ्या होत्या. मी हातातली पिशवी मागे लपवली आणि विचारलं, "तुमच्या नातवाचा खोकला कसा आहे?" "बरा हाय," ती म्हणाली. थोडा वेळ मी तशीच उभी राहिले आणि घरी आले.

महिना संपायला चार दिवस उरले. पाळणाघर बंद झालं तर बावीस लेकरं बांधावर झाडाला झोळी टांगून ठेवावी लागणार, विंचवाकाट्यात. ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. मग जे आमच्या घरात चालत आलं होतं तेच मी केलं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गेले, पगारातून ज्वारीचा एक कट्टा, म्हणजे अख्खं पोतं, विकत घेतला, जीपमध्ये पायाखाली घालून आणला आणि पाळणाघरात ठेवला. वडिलांना सांगितलं, पगार उशिरा होणार आहे. पावतीपुस्तक उघडून बारा घरांची नावं लिहिली, घरटी एक पायली. दात्यांच्या बारा पावत्या फाडून चुलीत घातल्या. स्थळप्रती पुस्तकात राहिल्या, स्वच्छ अक्षरात. पहिली पावती माळवदाच्या घरची.

पुढच्या बैठकीत सरांनी ते पुस्तक सगळ्यांना दाखवलं. बाराच्या बारा घरं फक्त माझी होती. तांड्यावरच्या मैत्रिणीला सहा दारं फिरून अडीच पायल्या मिळाल्या होत्या आणि चार ठिकाणी बोलणी खावी लागली होती. सर तिला म्हणाले, "हिच्याकडून शिका." ती चिडली नाही. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन खरोखरच विचारलं, "तू काय म्हणतीस गं? सांग की, मी बी तसंच म्हनते." मी कप विसळायला उठले. एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली, कारण सरांनी तेवढ्यात जाहीर केलं, की पंधरा दिवसांनी मॅडम माझ्या गावाला भेट देणार. दात्यांना भेटून आभार मानणार.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. जेवण जाईना. पहाटेच जाग यायची. मॅडमना ताप यावा, जीप बंद पडावी, असं काहीबाही मनात यायचं. सरांना खरं सांगावं म्हणून दोनदा फाट्यापर्यंत गेले आणि ऑफिसच्या पायरीवरून परतले. नोकरी जाईल याचं एवढं नव्हतं. गावात चर्चा होईल, अमक्याची पोरगी आमच्या नावानं खोट्या पावत्या फाडते. आणि मग घरी विचारलं जाईल, पावत्या कसल्या?

मॅडम आल्या त्या दिवशी वडील गावातच एका घराची भिंत लिंपत होते. मॅडमच्या हातात पावतीपुस्तक. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि विचारलं, "हे घर कुठं आहे?" मी बोट दाखवलं.

म्हातारी ओट्यावरच होती. मॅडमनी वाकून नमस्कार केला. "आजी, तुम्ही पाळणाघराला एक पायली ज्वारी दिलीत. आभार मानायला आले."

म्हातारीनं मॅडमकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग माझ्याकडे. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

"दिली की," म्हातारी म्हणाली.

"का द्यावीशी वाटली?"

"पोरगी दारात येऊन उभी ऱ्हायली होती. मंग?"

मॅडमनी तेवढं लिहून घेतलं. शेजारच्या घरच्या सुनेनं हे सगळं ऐकलं होतं. तिला विचारलं तर तीही "व्हय, आमी बी देलं" म्हणाली. पाव्हण्यासमोर आपलं घर कमी कोण दाखवतं? मॅडम खूश होऊन, पुस्तक माझ्या हातात देऊन गेल्या. जीप फाट्याकडे वळली तशी मी पाळणाघरात जाऊन लेकरांमध्ये आडवी झाले. वाटलं, सुटले.

दिवस कलला तशी मी घरी आले. वडील दारात हातपाय धूत होते. चुन्यानं त्यांचे कोपरापर्यंतचे हात पांढरे झालेले. गल्लीच्या तोंडाला कुणीतरी येताना दिसलं, डोक्यावर पाटी घेऊन. ती माळवदाच्या घरची म्हातारी होती. आमच्या गल्लीत ती त्याआधी कधी आलेली मला आठवत नाही. ती सरळ आमच्या दारापुढे येऊन थांबली.

वडील उठून उभे राहिले. "बाई, तुमी? पाटी काहून आणली?"

"जवारी हाय. एक पायली," ती म्हणाली. "तुमच्या पोरीनं आमच्या नावानं लिवली, अन् मी चार मान्सात व्हय म्हणून बसले. न देल्याला देली म्हणून कशी ऱ्हाऊ? घ्या ही."

आई पाणी आणायला आत गेली आणि तांब्या भरून आतच उभी राहिली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना अजून अर्धंच कळलं होतं, पण ज्वारी, आमचं दार आणि माझं नाव एवढं पुरेसं होतं. मला वाटलं, आता ते बोलणं बंद करतील ते कायमचं.

"ही जवारी या घरात येत न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "लेकराची हाय ना? पाळणाघरात चला." आणि मला म्हणाले, "पाटी घे त्यांच्याकडून."

आम्ही तिघं गावातून चाललो. म्हातारी पुढं, मधे डोक्यावर पाटी घेतलेली मी, मागं वडील. लोक ओट्यांवर बसलेले होते. मी मान वर ठेवली नव्हती. पाळणाघरात कट्ट्यात ज्वारी ओतली. कोनाड्यातलं पावतीपुस्तक पाहून वडील म्हणाले, "पावती दे त्याइला."

"आधीच लिहिली आहे."

"ती तू लिवली. त्याइनं आता देली. आता लिही."

मी लिहिली, फाडली, म्हातारीच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती चौघडी करून कनवटीला खोचली आणि निघून गेली.

मग वडील पायरीवर बसले आणि मी न विचारता सगळं सांगितलं: बाजार, पगार, बारा नावं, चूल. सांगून झाल्यावर मी गप्प राहिले. मागितल्यानंतरचं गप्प राहणं याच्यापुढे काहीच नव्हतं.

"अकरा घरं ऱ्हायले," ते म्हणाले.

"उद्यापासून जाते. सरांना पण सांगते."

त्यांनी मान हलवली. मग हातावरचा वाळलेला चुना नखानं खरवडत त्यांनी विचारलं, "एवढं भेव कोणाचं वाटलं तुला? गावाचं?"

खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. "नाही," मी म्हटलं. "तुमचं."

त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"माझ्या बापाला गावाचं भेव होतं," ते म्हणाले. "घरच्याचं नव्हतं."

घरी आल्यावर आईनं ताटं वाढली. वडिलांनी मला नावानं हाक मारून जेवायला बसवलं, आणि स्वतः मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.