सिलिशियाचे आणखी पंधरा दिवस

कपाळ माझं! बंगळूरच्या बसवनगुडीत राहायचं आणि कॉफी प्यायची नाही, अशी शिक्षा वैऱ्यालाही मिळू नये. पण बाबांचा हुकूमच होता, "कॉफीनं औषध मरतं." कॉफी बंद, कच्चा कांदा बंद, कापूर तर देवघरातूनही हद्दपार.

औषध म्हणजे सिलिशिया. मुळात वाळूच ती. रिटायर झाल्यावर बाबांनी एक जाडजूड पुस्तक आणून होमिओपॅथी शिकून घेतली, आणि निपाणीहून माझ्याकडे राहायला आले ते गोळ्यांची लाकडी पेटी घेऊनच. माझं सायनस तेव्हा ऐन जोरात. नाक चोंदलेलं, कपाळ ठणकतंय, वास तर पार गेलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नाकात गाठी वाढल्यात, ऑपरेशन करा, उशीर केलात तर वास परत येईल याची खात्री नाही. बाबा म्हणाले, "मला फक्त पंधरा दिवस दे."

अशी दोनदा ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली मी. वर रोज उलटतपासणी. "पाय गार पडतात? कुठल्या कुशीवर झोपतेस? चारचौघांत बोलायची भीती वाटते?" अहो, नाकाचं औषध देताय की स्थळ बघताय!

स्वयंपाक मी निव्वळ अंदाजानं करायचे. मोहरी तडतडली की हिंग, बस्स. बाबा मात्र पानावर बसता बसता म्हणायचे, "वा, काय घमघमाट सुटलाय!" तेवढ्यावर मी तग धरून होते.

एका रविवारी मी खोलीत कपडे घडी करत होते. शेजारच्या अक्का दार बडवायला लागल्या, "गॅस! गॅस!" धावत स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस चालूच. आणि हातभर अंतरावर बाबा पुस्तकात डोकं घालून बसलेले. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. "स्वल्प लक्ष ठेवा हो," म्हणून अक्का गेल्या.

मग माझा तोल सुटला. "माझं नाक मेलंय, ठाऊक आहे. तुम्ही तर शेगडीपाशी होतात!"

बाबांनी चष्मा काढला. "मलाही वास येत नाही गं. चार वर्षं झाली."

"आणि औषध?"

"हेच घेतो."

"चार वर्षं गुण नाही, तरी मला दिलंत?"

"तुला तरी लागू पडेल असं वाटलं."

इतका संताप आला की रडूही येईना. माझा अख्खा महिना वाया घालवला या माणसानं. आणि स्वतःची चार वर्षं. मी फोन उचलला आणि डॉक्टरांकडे दोघांची वेळ घेतली.

तासाभरानं फिल्टर काढून दोन कप कॉफी केली. एक त्यांच्यापुढे आदळला. बाबांनी कप नाकाशी नेला, सवयीनं "वा" म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघून मिटून घेतलं.