सामान कुणाचं?

मुरुडच्या एसटीत एक पुरातत्त्व संशोधक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवरच्या डब्यात किनाऱ्यावर वेचलेल्या कवड्या कापसात निजवलेल्या. मध्य आशियात भटक्या घोडेस्वारांची मातीच्या ढिगांखाली मध्ययुगीन थडगी आहेत. त्यांत सापडलेल्या कवड्यांची झीज त्या अशा ताज्या कवड्यांशी ताडून बघत.

मोबाइलवर एका मुलीच्या थडग्यातल्या कवडीचा फोटो दाखवत म्हणाल्या, "एकाच बाजूनं झिजलीय. पोरीच्या वेणीत रोज घासली असणार."

"सुंदर अवशेष!" मी म्हटलं.

"अवशेष काय! सामान म्हणा. तिचं सामान आहे ते."

रेवदंडा सोडल्यावर कंडक्टरनं मागून एक मळकी पिशवी उचलली. "कुनाचं हाय ह्ये सामान? बोला, न्हायतर डेपोत फेकतो."

जो तो आपापलं सामान चाचपू लागला. बाईंनी डबा माझ्या हाती दिला आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मालक येईपर्यंत मी सांभाळते."

आयुष्यभर एसटीत छत्र्या विसरत आलेला मी, तो डबा दोन्ही हातांनी धरून बसलो.