आईच्या दुखण्याला नाव नव्हतं

“तुम्हाला क्रॉनिक मायग्रेन आहे,” नांदेडचे मेंदूचे डॉक्टर म्हणाले. “महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखतं, त्याला आम्ही क्रॉनिक म्हणतो. आणि त्याच्यावर तुम्ही स्वतःच आणखी एक दुखणं चढवून घेतलंय.”

त्या दुसऱ्या दुखण्याचं नाव मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक. डोकं दुखतं म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या, आणि त्या गोळ्यांमुळेच डोकं पुन्हा दुखायला लागायचं. मी रोज तीन घेत होते. कधी चार.

मी लातूरला एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर मेंदूची आकृती काढते. माझ्या स्वतःच्या डोक्यात काय बिघडलंय हे कळायला मात्र नऊ वर्षं गेली.

ज्यांचं डोकं असं दुखतं त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांच्या घरात कुणाचं दुखतं, त्यांच्यासाठी लिहिते. डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा. मग उजेड नको वाटायचा, मग फोडणीचा वास. दीडशे मुलींच्या बॅचसमोर माईकवर बोलताना माझाच आवाज मला कानाखाली मारल्यासारखा लागायचा. तास संपला की बाथरूममध्ये उलटी, तोंडावर पाणी, आणि पुढची बॅच.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. मग सायनस म्हणून सहा महिने वाफारे घेतले. मग एक अक्कलदाढ काढली. शेवटी सीटी स्कॅन केला, म्हणजे डोक्याचे आडवे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. रिपोर्ट नॉर्मल आला. माझे पती सरकारी कचेरीत आहेत, माणूस वाईट नाही. ते खुशीत म्हणाले, “झालं तर मग! काहीच न्हाई तुला.” त्या दिवसापासून घरात माझ्या दुखण्याला जागा उरली नाही. रिपोर्टच तसं सांगत होता.

निकालाचे दिवस जवळ आले आणि क्लासच्या सरांनी मला पहिल्या बॅचवरून काढून शनिवार-रविवारच्या उजळणीला टाकलं. म्हणाले, “मॅडम, पालक तुमच्या तब्येतीचं विचारायलेत. तुम्ही आराम करा.” मी माझ्या जागी आलेल्या मुलीला नोट्स काढून दिल्या आणि घरी येऊन जेवणाआधीच दोन गोळ्या घेतल्या.

नांदेडला मला एका सहकारी शिक्षिकेनं पाठवलं. लोह्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एसटी आदळत होती आणि मी डोक्याला ओढणी आवळून बसले होते. दवाखान्यात चार तास थांबावं लागलं. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी घाई केली नाही. झोप किती, पाळी कधी, उपास करता का, गोळ्या कुठल्या, सगळं विचारलं. मी बोलत असताना ते मान खाली घालून लिहीत होते. नऊ वर्षांत माझं दुखणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला होतं का असं? बऱ्याचदा हे आईकडून येतं.”

मी ‘नाही’ म्हणणार होते. तोंड उघडलं आणि आई आठवली.

आम्ही लातूरजवळच्या मुरुडचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले आणि गल्लीतले सगळे शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. जमीन अधूनमधून हलायचीच. भर दुपारी पत्रा तापायचा, पोरं ओरडायची, भांडी आपटायची, आणि आई उठून सरळ त्या तडे गेलेल्या घरात जायची. आतल्या खोलीत दार लावून पडायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. ते बाहेरून ओरडायचे, “मरायचं हाय का तुला? लोक काय म्हणतील?” एकदा त्यांनी मला आत पाठवलं, हाताला धरून आण म्हणून. आईनं डोक्याला पदर घट्ट बांधला होता. ती म्हणाली, “भिंत पडली तर पडू दे बाई. पण तेवढं दार लाव.”

मी तिला ओढत बाहेर आणलं. मैत्रिणींसमोर मला तिची लाज वाटत होती.

गल्लीत तिला हट्टी म्हणायचे. आम्ही घरातही तेच म्हणायचो. डोकेदुखीच्या गोळ्या अण्णा बाजारातून पाकिटानं आणायचे. ती वीसेक वर्षं त्या घेत राहिली आणि शेवटी किडनी निकामी होऊन गेली.

हे सांगताना मला रडू आवरलं नाही. मी विचारलं, “त्या गोळ्यांनीच गेली का ती?”

“आता नक्की सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “पण तुमची किडनी आजच तपासू.”

माझी किडनी ठीक निघाली. गोळ्या बंद झाल्या. त्या सोडल्या की डोकं आधी जास्तच दुखतं; पहिले सोळा दिवस कसे काढले ते लिहवत नाही. एवढंच सांगते, उपचार मधेच सोडू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका. हल्ला येऊच नये म्हणून रोज घ्यायचं वेगळं औषध मला सुरू केलं. वहीत रोज नोंद करायला सांगितली. पाच महिन्यांनी दुखण्याचे दिवस महिन्याला बावीसवरून सहावर आले. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, “हे पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. पण तुमच्या ताब्यात राहील.”

दिवाळीत मुरुडला गेले तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे औषध तवा मिळत हुतं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “काही काही मिळत होती, अण्णा,” मी म्हणाले. “मोठ्या गावात. पण आजार हाय हेच कुणाला माहीत नव्हतं.”

“गोळ्या मीच आणून देत हुतो,” ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी सकाळीच मला हल्ला आला. आतल्या खोलीत जाऊन पडले. थोड्या वेळानं टीव्ही बंद झाला. मग खिडकीवर सतरंजी टाकल्याचा आवाज आला, आणि दारापाशी खुर्ची सरकली. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. “लेक आलीय म्हणं, कुठं हाय?” असं मोठ्यानं विचारायला लागल्या.

“हळू बोला,” अण्णांचा आवाज आला. “तिला मायग्रेन हाय. आजार हाय तो, नखरे न्हाईत. तिच्या आईलाबी हाच हुता.”

काकू कुजबुजत काहीतरी बोलल्या आणि गेल्या. अण्णा दाराबाहेर तसेच बसून राहिले. मी डोळे मिटून पडले होते. आईला एवढंच ऐकायला मिळायला हवं होतं.