राजाची पाटी आणि माझी शपथ

मॉरिसव्हिलहून, म्हणजे मुलाच्या गावाहून, निघताना मी मनाशी ठरवलं होतं की गाडीत गुरुवारचा विषय काढायचा नाही. गुरुवारी माझ्या मुलाचा, निखिलचा, अमेरिकन नागरिकत्वाचा शपथविधी होता. "आई, तू येशील ना?" असं त्याने विचारलं होतं आणि मी "बघू" म्हटलं होतं. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. तो पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा विमानतळावर मी त्याला शपथ घातली होती: हवी तितकी वर्षं राहा, पण माझ्या गळ्याची शपथ, शेवटी परत यायचं. तो हसून "बरं" म्हणाला. त्यानंतर त्या शपथेचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

निघालो होतो जॉर्जिया राज्यातल्या एका लहानशा गावी. तिथे दरवर्षी दोन दिवस राजाचं राज्य परत येतं म्हणे. सूनबाई मुग्धाने तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या होत्या, पण वाटेत एका टपरीवर उकडलेल्या शेंगा दिसल्या आणि मी गाडी थांबवायला लावली. शेंग दाबली की मिठाचं पाणी चिळकन उडायचं. पहिली चिळकांडी मुग्धाच्या नव्या कुर्त्यावर गेली. सातासमुद्रापलीकडे येऊन उकडलेल्या शेंगाच खायच्या होत्या तर मिरज काय वाईट होतं, असं मी म्हणाले. निखिलने गाडी सुरू केली. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

पुढे ओकची अवाढव्य झाडं लागली. त्यांच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस (करड्या जटांसारखी लोंबणारी वनस्पती) खाली आली होती. गावात एक चौक, एक चर्च आणि विटांची जुनी कचेरी. कचेरीसमोर मिस डॉटी भेटल्या. इकडे वयस्कर बाईच्या नावाआधी मानाने 'मिस' लावतात. राजाची पाटी ज्या खोलीत असते, तिची किल्ली यांच्याकडे.

"सगळ्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला हाकललं," त्या सांगू लागल्या, "आमच्याकडे मात्र इंग्रज फौज परत आली आणि राजाचा कारभारही. काही वर्षं टिकला. म्हणून आम्ही त्याला अजून दोन दिवस बोलावतो. पाहुणा म्हणून."

आधी अमेरिकेचा झेंडा उतरला. मग इंग्रज फौजेच्या वेषातले लाल डगलेवाले दोघे शिडीवर चढले. दारावर जॉर्जिया राज्याची मुद्रा होती, तीन खांबांची कमान. तिच्यावर त्यांनी सिंहाची आणि एकशिंगी घोड्याची लाकडी पाटी टांगली. सिंह खाली कलला. मिस डॉटी खालून ओरडत होत्या, "सिंह वर, सिंह वर." माझं माहेर संस्थानी गावातलं. विलीनीकरणात कचेरीवरची राजेसाहेबांची मुद्रा कशी उतरवली, ते वडील रंगवून सांगायचे. उतरवलेला राजा परत चढताना मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

"खालची कमान काढत नाही?" मी रियाला, माझ्या नातीला, विचारायला लावलं.

"ती काढली तर भिंतच खाली यायची," मिस डॉटी म्हणाल्या. "खाली तशीच राहते ती."

जेवण आत होतं. दारात एक लाल डगलेवाला अधिकारी उभा. हात वर करून राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्या आणि आत जा. लोक हसत हसत घेत होते. रियाने सगळ्यांत मोठ्याने घेतली. निखिलची पाळी आली आणि त्याचा हात काही वर होईना.

"सॉरी, आय कान्ट," तो म्हणाला.

"अरे यार, नाटक आहे ते," मुग्धा म्हणाली. "लाइन अडलीये."

"गुरुवारी फॉर्मवर विचारणार, इंटरव्ह्यूनंतर काही चेंज झालं का. आणि शपथ काय, तर कुठल्याही राजाशी निष्ठा नाही. शनिवारीच घेऊन आलो म्हणून सांगू?"

व्हिसाच्या फॉर्मांनी माझ्या पोराची ही गत केली आहे. बागेत जातानासुद्धा तो ओळखपत्र चाचपतो. त्याने अधिकाऱ्याला सगळं समजावून सांगितलं. अधिकाऱ्याने टोपी काढली. "मग तुम्ही बंडखोर, सर. बंडखोरांना मागचं दार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुग्धाही हसली. मला मात्र विमानतळावरची शपथ आठवली. नाटकातली शपथ ज्याला खोटी घेववत नाही, त्याने माझी कशी वागवली असेल इतकी वर्षं?

आत कॉर्नब्रेड (मक्याचा पाव) आणि ग्रिट्स (मक्याच्या कण्यांची घट्ट पेज) होती. रिया न खाता बसली होती.

"आजी, आय सेड इट. आता मी राजाचीच का?"

"ज्याने शपथ घातली, त्याने 'सुटली' म्हणायचं. मग सुटते," मी म्हटलं. "आमच्याकडे पोरं असंच करतात."

ती तडक त्या अधिकाऱ्याकडे गेली आणि त्याला शब्द शिकवला. "सूट-ली," तो गंभीरपणे म्हणाला. रियाने परत येऊन कॉर्नब्रेडचे दोन तुकडे चापून खाल्ले. निखिलचा हात ताटातच थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी बघितलं तशी त्याने मान खाली घातली. त्याला सगळं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, राजाचं राज्य संपलं. पाटी निघाली, खालची कमान होती तशी दिसली. मिस डॉटींनी शिडीवर स्वतः चढून रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली. मला ती बाई फार आवडली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. निखिलच्या भारतीय पासपोर्टवरचे सिंह डोळ्यांपुढे येत होते. वाईट वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू? पण मुलाला परत बोलावणं ही माझी हौस होती, आणि तिचं ओझं त्याने एकट्याने वाहिलं होतं.

संध्याकाळी घर आलं. मुग्धा आणि रिया आत गेल्या. निखिल डिकीतून पिशव्या काढत होता.

"निखिल."

"हं?"

"सुटली."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. लहानपणी विचारायचा तसंच विचारलं, "नक्की?"

"नक्की. आता गुरुवारी किती वाजता निघायचं, ते सांग. साडीला इस्त्री करायची आहे मला."